बारोलो पहिल्यांदा चाखताना

बारोलो ही इटलीतल्या पिएमोंते भागातली, नेब्बिओलो द्राक्षाची रेड वाइन. पण पहिली बाटली थेट बारोलोची उघडू नकोस. त्याच नेब्बिओलो द्राक्षाची 'लांगे नेब्बिओलो' आधी घे. ती स्वस्त असते आणि तरुणपणीच पिण्याजोगी होते. बारोलोला कायद्यानेच किमान 38 महिने मुरवावं लागतं, त्यातले 18 लाकडी पिंपात, आणि त्यानंतरही ती बरीच वर्षं ताठर राहू शकते.

ग्लासातला फिका, विटकरीकडे झुकणारा रंग बघून ती हलकी असेल असं समजू नकोस. आधी वास घे, घाई न करता: सुकलेला गुलाब, चेरी, थोडा डांबराचा वास. मग छोटा घोट तोंडभर फिरव. कच्चं जांभूळ खाल्ल्यावर हिरड्या जशा आवळतात, तसंच होईल. तो तुरटपणा टॅनिनचा, म्हणजे द्राक्षाच्या सालीबियांतून येणाऱ्या तुरट घटकांचा. इथेच बरेचजण ग्लास बाजूला ठेवतात, आणि मला त्याचं फार वाईट वाटतं, कारण ही वाइन जेवणासोबत खुलते. मांसातली प्रथिनं टॅनिनला धरून ठेवतात, तुरटपणा मऊ होतो आणि मागचं फळ चाखायला मिळतं. म्हणून पिएमोंतेत बारोलोतच मंद शिजवलेलं बीफ, ब्राझातो, तिच्यासोबत वाढतात. तिथल्याच आल्बा गावाकडचे अंड्याच्या पिवळ्या बलकाचे बारीक तायारिन नूडल्स लोणी आणि ट्रफल या जमिनीखाली वाढणाऱ्या सुगंधी बुरशीसोबत तर अप्रतिम! शाकाहारी असशील तर मशरूमचा रिसोट्टो, म्हणजे इटालियन मऊसर भात, वर मुरलेलं पार्मेझान चीज.

झणझणीत रश्श्याबरोबर मात्र नको. अल्कोहोल बहुधा 14 टक्क्यांच्या आसपास असतं, त्याने तिखट आणखी भडकतं.

आणि बाटली 16 ते 18 अंशांवर असू दे. आपल्याकडच्या खोलीच्या तापमानाला नाही.