संख्याशास्त्र न येणाऱ्या मुलांना क्लिनिकल ट्रायल कशी शिकवावी?

पहिल्या दिवशी फळ्यावर सूत्र नको. मी लातूरला फार्मसीच्या मुलांना शिकवतो, निम्म्यांच्या घरी सोयाबीन असतं. त्यांना विचारतो, नवं बियाणं काळ्या रानात पेरलं अन् जुनं माळावर, तर वाढलेला उतारा बियाण्याचा की रानाचा? उत्तर लगेच येतं. मग कुठल्या तुकड्यात काय पेरायचं ते चिठ्ठ्या टाकून ठरवायचं. रँडमायझेशन ते हेच, आणि शेतीच्या प्रयोगांतूनच ते वैद्यकात आलं.

नंतर १९४८ साली प्रसिद्ध झालेली ब्रिटनमधली स्ट्रेप्टोमायसिनची ट्रायल घ्या. क्षयाचे १०७ रुग्ण, औषध कुणाला ते बंद पाकिटातून ठरलं. सहा महिन्यांत औषध घेणाऱ्या ५५ पैकी ४ दगावले, नुसत्या विश्रांतीवरच्या ५२ पैकी १४. टक्के मुलांनाच काढू द्या.

मग औषधाने काहीच फरक पडला नाही असं धरा: डब्यात १०७ रुग्णांच्या १०७ चिठ्ठ्या, दगावलेल्या १८ (४ आणि १४) वर फुली. औषध घेणारे म्हणून न बघता ५५ काढा, फुल्या मोजा, परत टाका, परत काढा. बहुतेक वेळा आठ, नऊ, दहा येतात; चार किंवा कमी फार क्वचित. यावर पूर्ण तास घालवा, घाई करू नका. पी-व्हॅल्यू, म्हणजे औषधाने फरक पडत नसतानाही नुसत्या योगायोगाने इतका किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता, हा शब्द त्यानंतरच उच्चारा.