वाचकांचे प्रश्न : सेकंद वाढवले, तरी बुद्धिबळाच्या यंत्रात फरक का दिसत नाही?

प्रश्न : घरी टेबलावरचा जुना बुद्धिबळ संगणक आहे. 'खेळीला ५ सेकंद' बदलून १० केले, तरी मुलीला फरक जाणवत नाही. मोबाईलवरचे स्टॉकफिश (बुद्धिबळ खेळणारा प्रोग्राम) मात्र खोली, म्हणजे किती खेळ्या पुढे पाहायच्या तो आकडा, ६ वर ठेवली, की मधल्या डावात झोडपते आणि नुसती प्यादी उरली की चुकते. असे का? – एक पालक, खानापूर

उत्तर : वेळ दुप्पट केल्याने जुन्या यंत्राचे साधारण ५० ते ७० एलो (खेळाची ताकद मोजणारा आकडा) वाढतात, म्हणजे बरोबरीच्या प्रतिस्पर्ध्याविरुद्ध १०० डावांत ५० ऐवजी ५७ ते ६० गुण. पाचसहा डावांत हे कळणारच नाही. शिवाय एका बाजूची एक खेळी जास्त पाहायला अशा यंत्राला पाचसहा पट वेळ लागतो. १० सेकंदांत ती पायरी बहुधा अर्धवटच राहते. थेट ३० सेकंद लावून पाहा.

यंत्रात 'सरासरी वेळ' अशी पातळी असेल तर तीच निवडा. पाठ असलेल्या सुरुवातीच्या खेळ्या आणि अटळ मारामारीत वाचलेला वेळ ते अवघड जागी वापरते. नेमक्या सेकंदांच्या पातळीवर ही बचत होत नाही.

आणखी एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही. बरीच यंत्रे समोरच्याच्या वेळेतही विचार करतात. मुलगी दोन मिनिटे थांबली आणि तिची खेळी यंत्राने ताडलेली असली, तर ते ५ सेकंदांचे नव्हे, दोन मिनिटांचे उत्तर देते, तेही तत्काळ! ताकद स्थिर हवी असेल तर ही सोय बंद करा.

मोबाईलचा दोष खोलीच्या पातळीचा. खोली ६ म्हणजे दोन्ही बाजूंच्या मिळून सहा खेळ्या. खेळ्यांच्या काही शक्यता त्यापुढेही पाहिल्या जातात, पण मर्यादा तीच. प्यादे वजीर व्हायला राजाच्या चालींसह बारापंधरा खेळ्या लागू शकतात. तिथे मोहरी कमी असल्याने एका सेकंदात कितीतरी खोल जाता येते, पण तुम्ही सहावरच थांबवलेले असते. म्हणून खोली न बांधता वेळ बांधा. फोन तापला किंवा बॅटरी बचत चालू असली, की तेवढ्याच सेकंदांत पटावरच्या कमी स्थिती तपासल्या जातात, हेही ध्यानात ठेवा.

मात्र मुलीला जिंकण्याची संधी द्यायची असेल तर वेळ कमी करून भागणार नाही. एका सेकंदातही स्टॉकफिश जगज्जेत्याला भारी आहे. त्यातली ० ते २० ची कौशल्य पातळी ३-४ वर आणा आणि वेळ खेळीला एक सेकंदच ठेवा. ती सलग जिंकू लागली, की एकेक पातळी वाढवा.