विसर्जनाच्या दिवशीच बंद पडणारा ब्लॉग

प्रश्न : पुण्यातील जुने वाडे आणि गणेशोत्सव या विषयांवर मी काही वर्षांपासून वर्डप्रेसवर मराठी ब्लॉग लिहीत आहे. एरवी दिवसाकाठी शंभरेक वाचक येतात. मात्र मानाच्या पाच गणपतींवरील लेख अनंत चतुर्दशीला शेकडो लोक एकाच वेळी उघडतात आणि नेमका त्याच दिवशी ब्लॉग बंद पडतो. पानावर ‘५०८’ हा आकडा दिसतो. ब्लॉगला सर्व्हरवर जागा देणारी होस्टिंग कंपनी म्हणते की सर्व्हर चालू होता आणि तो चालू राहण्याची ९९.९ टक्क्यांची हमी पाळली गेली आहे. मी होस्ट बदलावा काय?
— एक वाचक, नारायण पेठ, पुणे

उत्तर : आपली तक्रार रास्त आहे आणि कंपनीचे म्हणणेही बहुधा खरे आहे. सामायिक होस्टिंगमध्ये एकाच सर्व्हरवर अनेक संकेतस्थळे नांदत असल्यामुळे प्रत्येक खात्याला प्रोसेसर, मेमरी आणि एका क्षणी चालू शकणाऱ्या विनंत्या यांची मर्यादा घालून दिलेली असते. ती ओलांडली की अशा होस्टिंगवर सहसा ५०८ दिसतो. म्हणजे सर्व्हर बंद नव्हता, आपला वाटा संपला होता, आणि हमी मोजली जाते ती सर्व्हरची. शिवाय ९९.९ टक्क्यांची हमी पूर्ण पाळूनही तीस दिवसांच्या महिन्यात सुमारे ४३ मिनिटांचा खंड पडू शकतो, आणि ती मिनिटे विसर्जन मिरवणूक लक्ष्मी रस्त्यावर असतानाच आली तरी करारात बसतात.

म्हणून होस्ट बदलण्याआधी कॅशची सोय करावी, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते. वर्डप्रेस एरवी प्रत्येक वाचकासाठी डेटाबेसमधून माहिती काढून पान नव्याने रचते. कॅश प्लगइन, म्हणजे वर्डप्रेसला जोडायचा एक छोटा प्रोग्राम, तेच पान एकदा तयार करून ठेवते आणि पुढच्या सर्वांना तयार प्रत देते. आपला लेख सर्वांना सारखाच दिसत असल्यामुळे सर्व्हरवरील बहुतेक भार एवढ्यानेच उतरेल.

हे करूनही ५०८ येत राहिला, तर मात्र होस्ट बदलावा. नव्या कंपनीला जाहिरातीतील ‘अमर्याद’ या शब्दाचा अर्थ विचारू नये. एका क्षणी किती विनंत्या चालतात आणि फाइलींची संख्या किती असू शकते, हे आकडे लेखी मागावेत. सर्व्हर मुंबईत किंवा पुण्यात असेल तर पान लवकर उघडते. तो अमेरिकेत असेल तर देखभालीची वेळही विचारावी, कारण सप्टेंबरमध्ये न्यूयॉर्कमधील रात्रीचा एक म्हणजे आपल्याकडील सकाळचे साडेदहा, आणि पूर्वसूचित देखभाल हमीतून बहुधा वगळलेली असते.

बंद पडण्याच्या वेळांची नोंद स्वतः ठेवावी. दर पाच मिनिटांनी संकेतस्थळ तपासणाऱ्या विनामूल्य सेवा मिळतात. ब्लॉग उघडला नाही तर आधी मोबाइलच्या इंटरनेटवरून पाहावे. आपल्याकडे रस्ता खोदताना तुटलेली केबल हेही पुष्कळदा कारण असते. तक्रार करताना वेळ आणि पानावरील आकडा दोन्ही कळवावेत. ५०३ असेल तर सेवा तात्पुरती उपलब्ध नाही, ५०० असेल तर आतला काही बिघाड आहे, आणि तो नुकत्याच बसवलेल्या प्लगइनमुळेही झालेला असू शकतो.

डोमेन, म्हणजे ब्लॉगचा इंटरनेटवरील पत्ता, आपल्याच नावावर आणि शक्यतो होस्टपेक्षा वेगळ्या कंपनीकडे असावे. बॅकअप आपल्या संगणकावर उतरवून घ्यावा आणि एकदा तरी तो दुसरीकडे चढवून पाहावा, कारण डेटाबेसची अक्षरसंहिता (अक्षरे साठवण्याची पद्धत) चुकली तर देवनागरीच्या जागी केवळ प्रश्नचिन्हे उरतात. वर्षानुवर्षांच्या लेखनाच्या बाबतीत हा धोका काही तासांच्या खंडापेक्षा कितीतरी मोठा आहे.

स्थलांतर उत्सवाच्या दिवसांत करू नये. ते पितृपंधरवड्यात, वाचकांची गर्दी ओसरल्यावर करावे, डोमेनच्या नोंदी इतर सर्व्हर किती वेळ जपून ठेवतात ती मुदत (टीटीएल) एक दिवस आधी कमी करून ठेवावी आणि जुने खाते निदान आठवडाभर चालू ठेवावे.