विकर, वितंचक आणि जैव उत्प्रेरक

प्रश्न असा आहे: एका पुस्तकात 'विकर' दिसतं, दुसरीकडे 'वितंचक', तिसरीकडे 'जैव उत्प्रेरक'. तिन्ही एकच का? आणि 'विकर म्हणजे प्रथिन' असं सरळ लिहिलं तर चालेल का?

पहिले दोन शब्द एन्झाइमचेच, म्हणजे सजीवांतल्या रासायनिक अभिक्रियांचा वेग वाढवणाऱ्या पदार्थाचेच, प्रतिशब्द आहेत, त्यामुळे कुठलाही वापरा. तिसरा मात्र नाव नव्हे, वर्णन आहे. उत्प्रेरक म्हणजे अभिक्रियेचा वेग वाढवून स्वतः खर्ची न पडणारा पदार्थ, मग तो सजीवातला असो वा नसो. हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये मँगनीज डायऑक्साइडची काळी भुकटी टाकली की ऑक्सिजनचे बुडबुडे येतात. तेच द्रावण जखमेवर लावलं तरी फेस येतो, कारण आपल्या पेशींत कॅटालेज असतं. अभिक्रिया एकच, उत्प्रेरकही दोन्ही. पण विकर म्हणायचं ते फक्त कॅटालेजला. नुसतं 'उत्प्रेरक' लिहिलं तर वाचकाला भुकटीही आठवू शकते, म्हणून मागे 'जैव' लावावं लागतं.

'वितंचक' मला आवडतो, जरी तो आता फारसा कुणी वापरत नाही. संस्कृतात 'आतञ्चन' म्हणजे विरजण. 'वितंचक' त्याच कुळातला दिसतो. विल्हेल्म क्यूने या जर्मन शरीरक्रियाशास्त्रज्ञाने १८७० च्या दशकात 'एन्झाइम' हा शब्द घडवला, तोही ग्रीक भाषेतल्या 'खमिरात' अशा अर्थाच्या शब्दांवरून. म्हणजे वितंचक मूळ कल्पनेच्या जास्त जवळचा. 'विकर'मध्ये खमीर नाही की विरजण नाही. विकार, विकृती, विक्रिया यांच्यातला 'वि' आणि 'कृ' त्यात आहेत, म्हणून 'बदल घडवणारे' एवढाच त्याचा अर्थ लागतो. पण तो तीन अक्षरी आहे आणि शाळेच्या पुस्तकांत रुळलाय. माझं मत विचाराल तर 'विकर'च लिहा.

विकर आणि संप्रेरक (हॉर्मोन) यांची गल्लतही नेहमी होते, दोन्ही शरीरातच तयार होतात म्हणून असेल. संप्रेरक निरोप पोचवतं, विकर प्रत्यक्ष काम करतं. इन्शुलिन ५१ अमिनो आम्लांचं बनलेलं असलं, तरी ते स्वतः साखरेचं विघटन करत नाही. रक्तातलं ग्लुकोज आत घ्या, असा संकेत पेशींना देतं. पुढची तोडमोड पेशीतली विकरं करतात.

आता प्रथिनाचं. बहुतेक सगळी विकरं प्रथिनंच आहेत, हे खरं. १९२६ मध्ये रसायनशास्त्रज्ञ जेम्स समनर यांनी युरिएज या विकराचे स्फटिक मिळवले आणि ते प्रथिन असल्याचं दाखवलं; पुढे व्याख्येत 'प्रथिन' पक्कं बसलं. ते सैल झालं १९८० च्या दशकात. थॉमस चेक आणि सिडनी ऑल्टमन या शास्त्रज्ञांनी स्वतंत्रपणे दाखवलं की आरएनए हे पेशीतलं न्यूक्लिक आम्लसुद्धा उत्प्रेरण करतं. त्यासाठी १९८९ चं नोबेल त्यांना विभागून मिळालं. अशा आरएनएला रायबोझाइम म्हणतात. तेव्हा 'बहुतेक विकरे प्रथिने असतात' असं लिहावं; 'बहुतेक' गाळू नये. उलट दिशेने तर समीकरण मुळीच टिकत नाही: हिमोग्लोबिन, केराटिन, कोलॅजेन ही प्रथिनं आहेत, पण विकरं नाहीत.

प्रथिन आणि आरएनए दोन्ही महारेणू, म्हणजे खूप मोठे रेणू, म्हणून 'विकरे महारेणू असतात' हे विधान बिनधास्त करता येतं. मेदालाही महारेणूंच्या यादीत टाकतात ती पुस्तकी सोय आहे. त्याचा रेणू प्रथिनांच्या मानाने लहानच असतो, शिवाय एकाच साच्याचे दुवे जोडत जाणारं ते बहुवारिकही नाही.

वापराबद्दल दोन गोष्टी. 'विकर' नपुंसकलिंगी आहे: ते विकर, ती विकरे, विकराने, विकरांचे. इथे एका कान्याने घात होतो. 'स्वादुपिंडाची विकरे' आणि 'स्वादुपिंडाचे विकार' यांत पहिलं पचनाला मदत करतं आणि दुसऱ्यासाठी दवाखाना गाठावा लागतो. मोबाइलवर टाइप करताना 'विकर'चं आपोआप 'विकार' होऊ शकतं. मागचं 'ची' की 'चे' पाहिलं तर चूक सापडते.

दुसरी गोष्ट नावांच्या शेपटीची. विकरांच्या नावांत शेवटी बहुधा 'एज' येतं, साखरांच्या आणि त्यांच्या साखळ्यांच्या नावांत 'ओज'. (पेप्सिन, ट्रिप्सिन ही जुनी नावं या रीतीबाहेरची.) त्यामुळे लॅक्टेज आणि लॅक्टोज, सेल्युलेज आणि सेल्युलोज यांत फरक फक्त एका कान्याचा. 'लॅक्टेज कमी पडल्यामुळे लॅक्टोज पचत नाही' हे बरोबर. अदलाबदल झाली की वाक्य निरर्थक, आणि मुद्रितशोधकाच्या नजरेतून ते सहज सुटतं. 'ज' की 'झ' यावर मात्र वाद घालू नये. लायपेज लिहा किंवा लायपेझ, फक्त एका लेखात एकच ठेवा.