वाचकांचे प्रश्न : माझा विश्वास कमी पडला का?

प्रश्न : सिस्टरबाई, सलाम. मी निपाणीजवळच्या खेड्यात राहते, विड्या वळून घर चालवते. गेल्या वर्षी माझे मालक घशाच्या कॅन्सरनं गेले. त्यांच्या आजारपणात सूप मांडीवर घेऊन वळता वळता मी दिवसभर प्रार्थना करत होते. शुक्रवारचा उपासही धरला होता. माती झाल्यावर घरी प्रार्थनेला आलेल्या एका बाई म्हणाल्या, "विश्वासानं मागितलं असतं तर मिळालं असतं." तेव्हापासून डोळे मिटले की तेच वाक्य ऐकू येतं. माझा विश्वास कमी पडला का?
— एक भगिनी

उत्तर : नाही, ताई. पुढचं वाचायच्या आधी एवढं मनात पक्कं करा. तुमच्या प्रार्थनेत काही उणं राहिलं म्हणून तुमचे मालक गेले नाहीत.

त्या बाईंच्या मनात वाईट नसेलही, पण त्या जे बोलल्या ते पवित्र शास्त्राला धरून नाही. गेथशेमाने बागेत प्रभू येशूनं तीनदा प्रार्थना केली. हा दुःखाचा प्याला माझ्यावरून टळून जावो, असं त्यानं पित्याजवळ मागितलं आणि प्याला टळला नाही. प्रेषित पौलानं शरीरातला काटा, म्हणजे त्याला छळणारं दुखणं, काढून टाक म्हणून तीनदा विनवणी केली. काटा राहिला आणि 'माझी कृपा तुला पुरे आहे' एवढं उत्तर मिळालं. आता प्रभूचा विश्वास कमी पडला असं कोण म्हणेल? पौलाचा पडला असं तरी?

आपल्या मराठी ख्रिस्ती मंडळ्यांत प्रार्थनेचा विषय निघाला की पंडिता रमाबाईंचं नाव येतंच. १९०५ साली केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये मुलींच्या प्रार्थनेतून जे आध्यात्मिक जागरण झालं ते लोक अजून सांगतात. पण ही दुसरी गोष्ट फारशी कोणी सांगत नाही : रमाबाईंची एकुलती एक मुलगी मनोरमा १९२१ साली, आईच्या आधी गेली. रमाबाईंनी तिच्यासाठी प्रार्थना केली नसेल का? मुलगी गेल्यावरही त्या पवित्र शास्त्राच्या भाषांतराचं काम करत राहिल्या आणि १९२२ च्या एप्रिलमध्ये त्यांनी देह ठेवला. प्रार्थनेचं बळ मोजायला 'मागितलं ते मिळालं का' एवढं एकच माप धरलं, तर रमाबाईंनाही कमी विश्वासाच्या म्हणावं लागेल. ते मी कधीच म्हणणार नाही.

नर्स म्हणून माझं उभं आयुष्य वॉर्डात गेलं. मोठ्या आवाजातल्या, शास्त्रवचनांनी भरलेल्या प्रार्थना मी तिथं खूप ऐकल्या, आणि त्यांतल्या कित्येक मनापासूनच्या होत्या. पण माझ्या मनात रुतून बसली ती खानापूरकडच्या एका म्हाताऱ्याची. रात्रपाळीत मी सलाईन बघायला गेले तर तो छताकडं बघत बोलत होता : "देवा, लई भ्या वाटतंय बघ. तू हाइस का न्हाईस ते बी कळंना झालंय. पण तुलाच हाक मारतोय, दुसरं कुणाला मारू?" सकाळी त्यानं मला उठवून बसवायला सांगितलं, दोन घोट पेज घेतली आणि बायकोला जवळ बोलावून सोसायटीच्या कर्जाचं सांगितलं. कागद पत्र्याच्या पेटीत आहेत, किती फेडलं, किती राहिलंय, इतकी वर्षं तुझ्यापासून लपवलं, सगळं सांगितलं. त्या दुखण्यातून तो उठला नाही. पण रात्री देवापुढं खरं बोललेला माणूस सकाळी बायकोपुढंही खरं बोलू शकला. मनापासूनच्या प्रार्थनेचं सामर्थ्य कशात असतं असं मला कोणी विचारलं, तर मी ही सकाळ सांगते.

मार्काच्या शुभवर्तमानात, नवव्या अध्यायात, एका आजारी मुलाचा बाप भर गर्दीत प्रभूपुढं कबूल करतो की माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका. अर्धामुर्धाच विश्वास. पण प्रभू त्याला 'जा, पुरा विश्वास घेऊन ये' असं सांगत नाही. मुलाला तिथंच बरं करतो.

तेव्हा ताई, आता प्रार्थनेला बसाल तेव्हा चांगलं चांगलं बोलू नका. राग आला असेल तर राग सांगा. त्या बाईंचा राग, आजाराचा राग, आणि देवाचाही. तेराव्या स्तोत्रात दावीद 'किती काळ?' असं पुन्हा पुन्हा विचारतो. अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र तर अंधारातच संपतं, शेवटी दिलाशाची एक ओळही नाही, तरी ते पवित्र शास्त्रात आहे. ते मोठ्यानं वाचा. डोळे मिटल्यावर ते वाक्य ऐकू येत असेल तर डोळे उघडे ठेवा, हात विड्यांवर असू द्या. देवाला चालतं.

आणि मंडळीतल्या सर्वांना माझी हात जोडून विनंती आहे. दुःखाच्या घरी गेलात तर पवित्र शास्त्रातल्या दुःखी ईयोबाच्या मित्रांनी पहिले सात दिवस जे केलं तेवढंच करा : जमिनीवर बसा आणि गप्प राहा. ते बोलायला लागले तिथंच बिघडलं.

प्रश्न : माझ्या आईला शुगर आणि बीपी आहे. एका प्रार्थना शिबिरात तिला कोणी सांगितलं की गोळ्या घेणं म्हणजे अविश्वास. तिनं गोळ्या बंद केल्या आहेत. आम्ही काय बोलणार, देवाच्या गोष्टीत?
— एक वाचक, चिक्कोडी तालुका

उत्तर : बोलायलाच हवं, आणि आजच. हा अंक बाजूला ठेवा, आईला डॉक्टरांकडं न्या, शुगर आणि बीपी तपासून घ्या, आणि ते सांगतील तशा गोळ्या पुन्हा सुरू करा. वाढलेली शुगर आतल्या आत किडनी आणि डोळे खाते. बीपी तर एका झटक्यात अर्धं अंग लुळं पाडतं. असे पेशंट मी स्वतःच्या हातांनी कुशीवर वळवले आहेत.

आईला यशयाचा अडतिसावा अध्याय वाचून दाखवा. हिज्कीया राजा मरणाला टेकला होता, त्यानं भिंतीकडं तोंड फिरवून रडून प्रार्थना केली, आणि देवानं त्याचं आयुष्य १५ वर्षांनी वाढवलं. त्याच अध्यायात गळवावर अंजिराचा लेप लावायलाही सांगितलं आहे. प्रार्थनाही होती, औषधही होतं. शुभवर्तमान लिहिणारा लूक तर स्वतः वैद्य होता. गोळी तळहातावर घ्या, देवाचे उपकार माना आणि पाण्याबरोबर गिळा, असं आईला माझ्या नावानं सांगा.

प्रश्न : बांधावरच्या दोन फणसांवरून भावाशी कोर्टात केस चालू आहे. बोलणं बंद आहे. मी रोज प्रार्थना करतो, पण ती पाठ केल्यासारखी होते, आतून काही येत नाही. असं का?
— एक शेतकरी, खानापूर तालुका

उत्तर : उत्तर तुम्ही पहिल्याच वाक्यात लिहिलं आहे, भाऊ. वेदीजवळ अर्पण आणलंस आणि भावाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे असं आठवलं, तर अर्पण तिथंच ठेव, आधी जाऊन समेट कर, असं प्रभूनं सांगितलं. मत्तयाच्या पाचव्या अध्यायात आहे. 'भावाची चूक असेल तर त्याला येऊ दे' असं तिथं नाही.

केस मागं घ्या असं मी म्हणत नाही. मोजणी होऊ द्या, उतारा बघा, हक्काचं असेल ते हक्कानं मागा. पण केस वकील चालवतील, बोलणं कोणी बंद ठेवायला सांगितलं? 'जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे' हे तुम्ही रोज म्हणत असाल. ती ओळ आली की थांबा. भावाचं नाव घ्या, वहिनीचं घ्या, त्यांच्या लेकरांचं एकेकाचं घ्या, आणि स्वतःच्या मुलांसाठी जे मागता तेच त्यांच्यासाठी मागा. सुरुवातीला जीभ जड होईल. ती जड झालेली प्रार्थना मला त्या पाठ केलेलीपेक्षा खरी वाटते. मग यंदा रोप लावणीच्या दिवसांत एकदा त्यांच्या शेतात उभे राहा. काय बोलायचं ते तेव्हा सुचेल.

प्रश्न : मी बेळगावात इंजिनिअरिंगला आहे. वडीलमंडळी अर्धा अर्धा तास प्रार्थना करतात. माझं लक्ष दोन मिनिटांत मोबाईलकडं जातं.
— एक विद्यार्थी

उत्तर : मग दोन मिनिटंच करा, पण खरी करा. प्रभूच्या दाखल्यातल्या जकातदाराची प्रार्थना एका वाक्याची होती आणि तोच नीतिमान ठरून घरी गेला. राजाच्या चाकरीतल्या नहेम्यानं तर राजानं विचारलेला प्रश्न आणि आपलं उत्तर यांच्या मधल्या क्षणात प्रार्थना केली. फी भरायची आहे, बॅकलॉग आहे, एखादी मुलगी आवडते, जे डोक्यात असेल तेच देवाला सांगा. आणि मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवा.

प्रश्न : सून गोकाकची, माहेर कानडी. मनानं चांगली आहे. पण संध्याकाळच्या घरच्या प्रार्थनेत ती गप्प बसते. मराठीत प्रार्थना कर म्हटलं की दोन ओळी म्हणून थांबते. तिला प्रार्थनेची गोडी कशी लावावी?
— एक सासूबाई, बेळगाव

उत्तर : गोडी तिला असेलच, ताई. तुम्ही झोपल्यावर ती कानडीत प्रार्थना करत असेल, असं मला वाटतं. लहानपणी आईच्या मांडीवर ज्या भाषेत रडलो, त्या भाषेत पोटातलं बाहेर येतं. तुमच्यासमोर मराठी चुकू नये याच काळजीत ती अडकली, तर देवाशी कधी बोलणार?

१८२० साली लंडन मिशनरी सोसायटीचं काम बेळगावात सुरू झालं, त्याला आता दोनशे वर्षं होऊन गेली. आजही एका रविवारी या शहरात मराठी, कानडी, कोंकणी, इंग्रजी अशा उपासना होतात. बाहेर भाषेवरून काय चालतं ते आपण सगळे जाणतो. ते घरच्या प्रार्थनेच्या चटईवर आणू नका.

आज संध्याकाळी तिला सांगा, "आज तू कानडीत कर, आम्ही आमेन म्हणू." समजलं नाही तरी मध्ये थांबवू नका आणि नंतर मुलाकडून अर्थही विचारून घेऊ नका. ती तुमच्याशी बोलत नव्हती. उद्या तिच्या आवडीचं स्तोत्र तिलाच निवडू द्या, तुमच्या मराठी पुस्तकातून तेच तुम्ही वाचा, आणि तुमच्या गुडघ्यांसाठी प्रार्थना कर असं तिला मोकळेपणानं सांगा. सासूनं आपल्याजवळ प्रार्थना मागितली की सुनेला काय वाटतं, ते पुढच्या पत्रात मला जरूर कळवा.