काचेवर सँडब्लास्टिंगने उठावदार चित्रं कशी कोरतात? घराच्या दारासाठी करून घेताना काय बघावं?

तुम्ही तीन गोष्टी विचारल्या आहेत. एका बंगल्याच्या दाराच्या काचेत शेल्याच्या चुण्यांसकट उठून दिसणारा गणपती पाहिलात, तो मशीनने होतो की हाताने. तसा करून घ्यायचा तर काय बघावं. आणि हे काम शिकता येतं का. मी हेच काम करतो, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

होतो हातानेच. हवेचा दाब कॉम्प्रेसर देतो, जिथे कोरायचं नाही ती काच झाकणारा स्टिकर हल्ली कटर मशीनवर कापून मिळतो. पण काचेवर कण मारणारी गन कुठे, किती वेळ, कोणत्या कोनात धरायची आणि चित्रातला कोणता भाग आधी उघडायचा हे माणूसच ठरवतो. माझ्या मते या कामातली निम्म्याहून जास्त कला त्या क्रमात आहे.

मूळ तंत्र जुनं आहे. फिलाडेल्फियाच्या बेंजामिन टिल्घमन यांनी १८७० मध्ये त्याचं पेटंट घेतलं आणि त्यात दगड, धातू यांच्याबरोबर काच कोरण्याचाही उल्लेख होता. दाबाखालच्या हवेतून कठीण कण काचेवर मारले की प्रत्येक कण काचेचा सुईच्या टोकाहून लहान टवका उडवतो. अशा असंख्य टवक्यांनी पृष्ठभाग खडबडीत होतो, उजेड सगळीकडे विखुरतो आणि तो भाग पांढरा दिसतो. काच ठिसूळ म्हणून तिचे टवके उडतात. रबर किंवा जाड व्हिनाइल लवचीक असतं, ते मार पचवतं आणि कण उसळून परत जातात. म्हणूनच मऊ स्टिकरखालची काच कोरी राहते आणि उघडी काच कापली जाते.

नुसतं एवढं केलं तर मिळते सपाट पांढरी नक्षी. बाथरूमच्या दाराला, ऑफिसच्या पार्टिशनला असते ती. तुम्ही पाहिलेला गणपती वेगळ्या जातीचा. त्याला आमच्याकडे डीप कार्व्हिंग म्हणतात आणि तिथे चित्र कोरण्याच्या कमी-जास्त खोलीतून उभं राहतं.

हे काम काचेच्या मागच्या बाजूने करतात आणि बघायचं समोरून. मागून जितकं खोल कोराल, तितका खड्ड्याचा तळ बघणाऱ्याच्या डोळ्याजवळ येतो. म्हणजे जे सगळ्यात खोल, ते सगळ्यात पुढे आलेलं दिसतं. मोदकाचा साचा आतून पोकळ असतो आणि त्यातून निघालेला मोदक फुगीर, तसंच हे. फक्त इथे साचा पारदर्शक असल्यामुळे फुगीरपणा समोरून थेट दिसतो. बोट लावलंत तर समोरची बाजू अगदी गुळगुळीत लागेल. मागे हात फिरवलात की खड्डे कळतील.

आता गणपतीच घेऊ. १२ मिलिमीटरच्या काचेवर मागून जाड स्टिकर लावायचा आणि चित्रातल्या सगळ्या रेषा ब्लेडने आधीच कापून ठेवायच्या. स्टिकर मात्र एकदम काढायचा नाही. बघणाऱ्याच्या सगळ्यात जवळ काय आहे? सोंड. म्हणून आधी फक्त सोंडेचा तुकडा उचलायचा आणि तिथे मारायचं, मध्यावर जास्त वेळ आणि कडांकडे हलका हात, म्हणजे ती गोल दिसते. मग मोदक धरलेला हात. मग गंडस्थळ आणि पोट. त्यानंतर कान, कारण ते डोक्याच्या मागे आहेत. मग शेल्याच्या चुण्या, एकीआड एक उघडत. प्रभावळ अगदी शेवटी, नुसता हात फिरवल्यासारखी. कान आधी उघडले तर ते सोंडेच्या पुढे आल्यासारखे दिसतील, आणि उडालेली काच परत भरता येत नाही.

यात एक मेख आहे. सोंड एकदा उघडली की पुढच्या प्रत्येक टप्प्यात ती उघडीच असते. शेजारचा गाल कोरताना उडणारे कण सोंडेच्या कडेवरही बसतात आणि ती धार बोथट होते. दोन भागांमधली ती पायरीसारखी कड गेली की सगळं चित्र लोण्यासारखं मऊ दिसायला लागतं. म्हणून गनचा कोन सतत आधीच्या भागापासून बाहेरच्या दिशेला ठेवावा लागतो. कोणाचंही कार्व्हिंग बघताना मी आधी या कडा बघतो. चेहरा नंतर.

कोरताना नीट दिसतही नाही. ज्या बंद पेटीत ब्लास्टिंग करतात त्या कॅबिनेटमध्ये धूळ उडत असते, सगळी काच पांढरीफटक झालेली असते. मध्ये थांबून बोटाने खोली चाचपायची, बाजूने बॅटरी मारून सावली बघायची आणि पुढे जायचं. मी काचेच्या जाडीच्या एक तृतीयांशापेक्षा खोल जात नाही. त्यापुढे चित्र फारसं सुधारत नाही आणि काच मात्र कमजोर होते.

काम मागून होतं म्हणून चित्र उलटं लावावं लागतं, आणि गणपतीच्या बाबतीत ही बाब गंभीर आहे. आपल्याकडे बहुतेक घरांत डाव्या सोंडेचा गणपती असतो. उजव्या सोंडेचं सोवळं कडक मानतात. स्टिकर कापताना चित्र उलटवायचं राहिलं तर डावी सोंड उजवी होते. दारात आणखी एक अडचण: काच दोन्ही बाजूंनी दिसते. बाहेरून डावी सोंड असेल तर आतून उजवीच दिसणार. ते घरात चालणार आहे का, हे आधीच वडीलधाऱ्यांना विचारून घ्या. चालणार नसेल तर दारात कमळ, मोर किंवा वेल घ्या आणि गणपती देवघरामागच्या भिंतीवरच्या काचेत करा.

फोटोइतका बारीक तपशील हवा असेल तर त्याची रीत निराळी. प्रकाशाला संवेदनशील अशी एक पातळ फिल्म येते. तिच्यावर चित्राची काळी निगेटिव्ह ठेवून अतिनील दिव्याखाली धरतात. उजेड लागलेला भाग घट्ट होतो आणि न लागलेला पाण्याने धुऊन जातो. मग ती फिल्म काचेवर चिकटवून कमी दाबाने ब्लास्टिंग करतात. केसाएवढ्या रेषा, छापील फोटोत असतात तसे ठिपके, सगळं उतरतं. पुरस्काराच्या ट्रॉफ्यांवरचे चेहरे बरेचदा असेच केलेले असतात. ही फिल्म फार मार सोसत नाही, त्यामुळे खोली मिळत नाही. मला स्वतःला ब्लेडने कापून टप्प्याटप्प्याने केलेलं काम कायम जास्त जिवंत वाटतं.

काचेवरची सगळीच कोरीव चित्रं ब्लास्टिंगची नसतात, हेही सांगून ठेवतो. इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्री कॅथेड्रल या चर्चची ‘वेस्ट स्क्रीन’ नावाची काचेची प्रचंड भिंत, १९६२ मध्ये खुली झालेली, तिच्यावरचे संत आणि देवदूत जॉन हटन यांनी फिरत्या चाकाने कोरले आहेत. तिथल्या रेषा ओरखड्यांच्या, झपाट्याच्या आहेत. फोटो मिळाले तर जरूर बघा. चाकाचा हात आणि ब्लास्टिंगचा हात यांतला फरक लगेच कळतो.

आता करून घेताना काय बघायचं. पहिली गोष्ट, दाराला टफन काचच लागते, आणि टफन झालेली काच खोल कोरता येत नाही. भट्टीत तापवून झटकन थंड केल्यामुळे तिच्या पृष्ठभागात दाब कोंडलेला असतो आणि आतल्या भागात ताण. तो दाबाखालचा थर भेदून आत गेलात की अख्खी काच क्षणात चुरा होते. वरवरचं फ्रॉस्टिंगही, म्हणजे काच नुसती पांढरी करणंही, तिची ताकद कमी करतं. म्हणून कापणं, भोकं पाडणं, कडा घासणं, कोरणं हे सगळं आधी, आणि टफनिंग नंतर. कोरलेल्या काचेची जाडी सगळीकडे सारखी नसल्यामुळे ती भट्टीत फुटू शकते. किती खोल कोरणार हे टफनिंगवाल्याला आधी दाखवा आणि फुटली तर खर्च कोणाचा हे बोलून घ्या. कोणी ‘साध्या काचेवर करून देतो, काही होत नाही’ म्हणालं तर दारासाठी ती काच घेऊ नका. घरात मुलं धावतात, दार वाऱ्याने आपटतं. साध्या काचेचे तुकडे सुरीसारखे असतात.

दुसरं, काचेमागे काय येणार ते ठरवा. कार्व्हिंग गडद पार्श्वभूमीवर खुलतं. मागे पांढरा पडदा किंवा पांढरी भिंत आली की सगळी मेहनत विरघळून जाते. खालच्या कडेतून एलईडी पट्टी सोडली तर उजेड काचेच्या आतल्या आत परावर्तित होत पुढे सरकतो आणि जिथे पृष्ठभाग कोरलेला आहे तिथेच बाहेर पडतो, म्हणून तेवढंच चित्र उजळतं. त्यासाठी शक्यतो एक्स्ट्रा क्लिअर काच मागा. साध्या काचेत लोहाचा अंश असतो आणि कडेचा प्रकाश हिरवट होतो.

तिसरं, कोरलेल्या बाजूला सीलर, म्हणजे डाग अडवणारा लेप, मारून घ्या. उघड्या खडबडीत काचेवर तेलकट बोटांचे डाग बसतात आणि साध्या पुसण्याने जात नाहीत. आणि दुकानात दाखवलेला नमुना नखाने तपासा. पांढरी फिल्म चिकटवून ‘एचिंग’ म्हणून विकणारे आहेत. कड नखाला उचलली गेली तर ती फिल्म.

आता धुळीबद्दल, कारण शिकायचं म्हणताय. ब्लास्टिंगला नदीची किंवा समुद्राची वाळू अजिबात वापरू नका. वाळूचे कण आदळून फुटतात आणि त्यांची सिलिकायुक्त धूळ फुप्फुसात कायमची बसते. त्यातून सिलिकोसिस होतो आणि त्यातून माणूस पूर्ण बरा होत नाही. ब्रिटनने १९४९ च्या नियमांनी वाळूचा असा वापर थांबवला. तुर्कस्तानात जीन्सची पँट जुनाट दिसावी म्हणून कापडावर वाळू मारणारी तरुण मुलं या आजाराने गेली, तेव्हा २००९ मध्ये तिथे त्यावर बंदी आली. आपल्याकडे अजूनही पत्र्याच्या आडोशाला, तोंडाला रुमाल बांधून हे काम करणारी पोरं दिसतात, आणि ते बघून माझा जीव तुटतो. रुमालाने ही धूळ अडत नाही. काचेसाठी अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइड किंवा सिलिकॉन कार्बाइड वापरा. दोन्ही काचेपेक्षा खूप कठीण आहेत, वेगाने कापतात आणि चाळून पुन्हा वापरता येतात. कॅबिनेट बंद हवं, धूळ ओढणारा पंखा आणि फिल्टर हवा आणि तोंडाला नीट बसणारा फिल्टरचा मास्क हवा, कारण उडालेली काचही धूळच असते. काम करून घ्यायला जाल तिथे कारागिराच्या तोंडावर काय आहे तेही बघा. ज्या मालकाने मास्कवर पैसे वाचवलेत, त्याला काम देऊ नका.

शिकता नक्की येतं. कॉम्प्रेसर घेताना नुसता दाब बघू नका, तो सलग किती हवा देतो ते बघा. काच कोरायला ३० ते ४० पीएसआय दाब पुष्कळ होतो, पण तो न थांबता मिळायला हवा. हवेच्या नळीला पाणी अडवणारा सापळा लावा. कोकणात, मुंबईत पावसाळ्यात हवेतल्या ओलीने कोरायच्या भुकटीचे गोळे होतात आणि गन थुंकल्यासारखी चालते. काचवाल्याकडून जाड काचेचे कटपीस आणा. पहिल्यांदा नुसता चेंडू कोरा: एक वर्तुळ, मध्ये खोल, कडेला उथळ, समोरून गोल दिसेपर्यंत. मग एकावर एक आलेली दोन पानं. पुढचं पान आधी उघडा, मागचं नंतर, आणि पुढच्या पानाची कड धारदार राहते का बघा. ती राहायला लागली की तिसरं पान घाला, मग पानांच्या मागे देठ. चेहऱ्याकडे त्यानंतर वळा, आणि वळाल तेव्हा नाकापासून सुरुवात करा.