बर्लिनला निघालात, मुलगा अभ्यासात मागे पडेल का?

ताई, तुमचा मुलगा साडेचार वर्षांचा, ज्युनिअर केजीत शंभरपर्यंत आकडे लिहितो, आणि बर्लिनला सहा वर्षांपर्यंत नुसतं खेळवतात हे ऐकून तुम्हाला काळजी लागलीय. तो मागे पडणार नाही. आम्ही बडोद्यातल्या रावपुऱ्यातून बर्लिनला निघालो तेव्हा लेक चार वर्षांची होती आणि माझ्याही डोक्यात हेच होतं.

आधी व्यवहाराचं. बर्लिनमध्ये ३० सप्टेंबरपर्यंत ज्याला सहा पूर्ण होतात, त्याला त्याच वर्षी पहिलीत जावं लागतं. गुजरातमध्येही २०२३ पासून पहिलीला सहा पूर्ण लागतात, म्हणजे परत आलात तरी फारसा फरक पडत नाही. शाळेआधी किता, म्हणजे बालवाडी. तिला फी नाही, जेवणाचे महिन्याला २३ युरो. मात्र सरकारी गुटशाइन, म्हणजे किताच्या जागेसाठीचं हक्कपत्र, काढावं लागतं, तेव्हा पत्ता नोंदवला की लगेच अर्ज करा. सुरुवातीचे काही आठवडे आईनं किंवा बाबांनी वर्गात बसायचं, हळूहळू बाहेर पडायचं. आम्हाला पाच आठवडे लागले. नोकरीच्या ठिकाणी हे आधीच सांगून ठेवा.

आता खेळाचं. एकदा नोव्हेंबरात लेकीला आणायला गेले. भुरभुर पाऊस, ती रबरी बूट घालून चिखलात. अर्ध्या कापलेल्या पाइपची पन्हळ करून पाणी बादलीत न्यायचं होतं. एका टोकाखाली वीट ठेवली, तर पाणी तिच्याच अंगावर आलं. बाई शेजारीच उभ्या होत्या. “आता काय करून बघशील?” एवढंच म्हणाल्या. लेकीनं वीट दुसऱ्या टोकाला नेली, मग दोन विटा लावल्या, शेजारच्या मुलाशी जर्मनमधून भांडली, आणि पाणी बादलीत पडलं. वीस मिनिटं गेली. उतार म्हणजे काय, हे तिला मी वहीत कधीच शिकवू शकले नसते.

तरी घरी मी वर्षभर रोज संध्याकाळी तिला वर्कबुक घेऊन बसवत होते. शेवटी ती पेन्सिली सोफ्याखाली लपवायला लागली. त्याचं मला अजून वाईट वाटतं. तुम्ही असं करू नका.

खेळ म्हणजे मोकाट सोडणं नव्हे. शेवटच्या वर्षी कात्री चालवणं, यमकं जुळवणं, टाळ्या वाजवत शब्द तोडणं, सगळं करून घेतात. शाळेआधीच्या तपासणीतही उड्या, आकृत्या, बोलणं, कान-डोळे बघतात. अक्षरं पहिलीत पहिल्यापासून शिकवतात. आणि हे काही परकं नाही. आपल्या सयाजीराव विद्यापीठाची चेतन बालवाडी बडोद्यातच आहे. माझी धाकटी बहीण तिथे होती, आणि ती घरी आली की फ्रॉकवर रंग सांडलेले असायचे.

सामानात वर्कबुकं भरू नका, मराठी गोष्टींची चित्रांची पुस्तकं भरा. घरी मराठीच बोला. भाषा पक्की असेल तर तिच्यावर जर्मन चढतं, हे मी लेकीत पाहिलंय. आतापासून त्याला एकट्यानं बाथरूमला जाणं, बूट घालणं, डबा उघडणं जमू द्या. जाकिटाची चेन लावायचा सराव दप्तराच्या चेनवर होतो. जाकीट आणि पावसाची पँट मात्र बर्लिनला आल्यावरच घ्या, एक माप मोठी.